साडेसात हजारांचा पेटारा

मैत्रिणींनो, साडी घेतली की दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरताच आपण तिची किंमत मनातल्या मनात कमी करून ठेवतो. बाराशेची साडी घरी पोचेपर्यंत आठशेची होते. खरं सांगा, तुम्ही कधीच असं केलं नाही? मी केलंय. पण यंदा मी जी किंमत चोरली ती साडीची नव्हती. मी एक जुना अँप्लिफायर घेतला. तोही गिटारचा!

दचकू नका. दोन मुलांची आई असलेली ही बाई केस मोकळे सोडून स्टेजवर उड्या मारणार नाही. माझी गिटार हवाईयन. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची. पेटीच्या क्लासइतके नाहीत, पण हिचेही क्लास आपल्याकडच्या शहरांतून असत. वान शिप्ले, सुनील गांगुली यांनी वाजवलेल्या सिनेमागीतांच्या तबकड्या तुमच्या आईवडिलांनी नक्की ऐकल्या असतील. ब्रिजभूषण काबरांनी तर या वाद्यावर राग वाजवले. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ सालच्या तबकडीत संतूर आणि बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे. आणखी एक गंमत सांगते. विजेवर चालणारी पहिली गिटार अमेरिकेत १९३२ साली विकायला आली, तीही मांडीवरची हवाईयनच. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून तिचं टोपणनाव पडलं ‘फ्राइंग पॅन’. म्हणजे आपला लांब दांड्याचा तवाच की!

माझी गिटार वडिलांची. त्यांनीच मला शिकवली. लग्नानंतर ती सासरी आली आणि अकरा वर्षं कपाटावर चादरीत गुंडाळून पडली. सकाळी डबे, दुपारी शाळेतले चार तास, संध्याकाळी वह्या तपासणं. त्यात गिटार कुठे बसवायची? गेल्या वर्षी वडील गेले. तेरावं झाल्यावर परत आले आणि पहिल्यांदा ती खाली काढली. विजेची गिटार नुसती वाजवली तर पलीकडच्या खोलीतही ऐकू जात नाही. मुलाच्या छोट्या स्पीकरला जोडून पाहिली. सूर निघाला, पण कोरडा. मींड ओढावी तर अर्ध्या वाटेतच विरून जायची. बाबांच्या वेळी असं नव्हतं. त्यांच्याजवळ व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता, तो माझ्या लहानपणीच घरातून गेला.

आता हे व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. हवा काढून घेतलेली काचेची नळी असते. आतली तार तापून लाल झाली की नळीतून वीज वाहू लागते, आणि मध्ये बसवलेली जाळी नळाच्या चावीचं काम करते. चावी बोटभर फिरवली तर पाण्याची धार केवढी बदलते? तसंच. तार छेडल्यावर गिटारमधून आलेली इवलीशी वीज या जाळीवर पडते आणि मोठी वीज तिच्या तालावर कमीजास्त होते. पुढे ट्रान्झिस्टर आले, स्वस्त आणि आटोपशीर. रेडिओतले व्हॉल्व्ह गेले. गिटारवाल्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. कारण असं की जोरात वाजवल्यावर व्हॉल्व्ह सुराचं टोक कात्रीने छाटल्यासारखं कापत नाहीत, ते गोलसर दाबतात. सूर भरीव होतो आणि आस लांबते. आमच्या मींडेला हेच तर हवं असतं.

कोल्हापूरला एका घरी असा अँप्लिफायर विकायचा आहे, असं शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. त्या घरचे काका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी पेटारा हॉलमध्ये आणून ठेवला होता. वर रेक्झिन फाटलेलं, नावाची पट्टी पडून गेलेली. मागच्या जाळीतून डोकावले तर आत दोन छोट्या नळ्या आणि दोन मोठ्या, ईसीसी ८३ आणि ईएल ८४. त्यांवर बीईएलचा शिक्का. बेंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा अशा नळ्या बनवायची. मी लगेच प्लग लावायला निघाले तर काकू म्हणाल्या, “थांब गं बाई. इतकी वर्षं बंद आहे. आधी मिस्त्रीला दाखव.” मग म्हणाल्या, “पण तुझी गिटार वाजव आधी. कुणाच्या हाती देतेय ते मला कळू दे.”

मी नुसतीच, अँप्लिफायरशिवाय, एक जुनं भावगीत वाजवलं. बोटं अडखळली. काकू काही बोलल्या नाहीत. किंमत म्हणाल्या साडेसात हजार. भाजीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी वाद घालणारी मी, शिकवणीच्या साठवलेल्या पैशांतून मुकाट्याने मोजून मोकळी झाले.

घरी ह्यांनी विचारलं, “केवढ्याला?” माझ्या तोंडून निघून गेलं, “चार हजार.”

तुमच्यापैकी कुणी असा जुना पेटारा घेणार असेल तर माझं ऐका. घरी आणल्याबरोबर प्लग लावू नका. आतले कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून वाळतात. एकदम वीज दिली तर फुटायचे, नाहीतर नुसती घरघर ऐकू यायची. आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी आधी साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज दिली. आत काही शॉर्ट असलं तर बल्ब लख्ख पेटतो, पेटारा वाचतो. मग त्यांनी कंडेन्सर बदलले आणि जुनी दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची, अर्थिंगची घातली. हे फार महत्त्वाचं, कारण वाजवताना आपली बोटं धातूच्या तारांवर असतात. मागची बाजू स्वतः कधीही उघडू नका. आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये साठून राहते. स्पीकरची वायर सुटलेली असताना चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. पडद्याला खेटून ठेवू नका. नळ्या चांगल्याच तापतात. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका, रंगाचा कोरडा ब्रश पुरतो. दुरुस्तीचे अठ्ठावीसशे झाले. ते मी खरे सांगितले, का कोण जाणे.

पहिल्या दिवशी बटण दाबलं. काहीच नाही. मुलगा म्हणाला, “आई, बिघडलाय.” मी म्हटलं, थांब जरा. अर्ध्या मिनिटाने नळ्या निखाऱ्यासारख्या लालसर झाल्या, हलकीशी गुणगुण सुरू झाली आणि मी कांडी तारेवर ठेवली. काय सांगू तुम्हाला! सूर खोलीभर पसरला आणि मी बोट उचलेपर्यंत तिथेच राहिला. जेमतेम पंधरा वॅटचा पेटारा, पण आवाज पूर्ण वाढवला तर भांडी वाजतील. सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बोलल्या एवढंच, “दूध उतू जाईल, जरा बघ.”

दोन आठवड्यांनी कोल्हापूरच्या काकूंचा फोन आला. मी शाळेत होते. ह्यांनी घेतला. अँप्लिफायर नीट चालतो ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि वर म्हणाल्या, “तुमच्या मिसेसनी साडेसात हजारांत एक रुपयाची घासाघीस केली नाही हो!”

संध्याकाळी ह्यांनी जेवताना काही काढलं नाही. मुलं झोपल्यावर म्हणाले, “पैसे तुझे होते. मी नको म्हटलं नसतं. मग साडेतीन हजार लपवलेस कुणापासून?”

मला उत्तर देता येईना. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटलं. माझी आई डाळीच्या डब्यात पैसे लपवायची, कारण तिचे असे काहीच पैसे नव्हते. माझ्याजवळ तर माझ्या कमाईचे होते, बँकेत, माझ्या नावावर. मुलांचे बूट, ह्यांचा चष्मा यांवर केलेला खर्च मी कधी कमी करून सांगितला नाही. स्वतःच्या गिटारवर केलेलाच तेवढा सांगितला. हे मी ह्यांना म्हटलं, खूप वेळाने, दिवा मालवल्यावर. ते म्हणाले, “मग आता वाजव तरी रोज.”

रोज जमत नाही, खोटं कशाला सांगू? शनिवारी अर्धी शाळा असते, त्या दिवशी संध्याकाळी वाजवते. सासूबाई जपमाळ घेऊन समोरच्या खुर्चीत बसतात आणि मागच्या जाळीकडे बघून विचारतात, “लागले का गं लाल दिवे?” मागच्या महिन्यात मोठ्या नळ्यांपैकी एक गेली. बीईएलच्या आता बनत नाहीत. नवी जोडी स्लोव्हाकियातल्या कारखान्याची मिळाली. ह्यांनी किंमत विचारली. मी पूर्ण सांगितली. त्यांच्या भुवया वर गेल्या, पण पार्सल त्यांनीच सोडवून आणलं.