सायकलीच्या सांगाड्याचे माप

शिरूर-दौंडच्या बाजारपेठांत सायकल घेताना बहुधा चाकाचा आकार विचारला जातो. वास्तविक सांगाड्याचे, म्हणजे फ्रेमचे, माप अधिक महत्त्वाचे असून ते पायडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. जुन्या काळ्या सायकलींची फ्रेम सहसा 22 किंवा 24 इंची असल्याने मुले आडव्या दांडीखालून पाय घालून ती चालवीत, आणि या कसरतीचे कौतुकच झाले, हे खेदाचे आहे. कारण सीट वरखाली करता येते, फ्रेम नव्हे. जांघेपासून टाचेपर्यंतची उंची 75 सेंटिमीटर असल्यास आडव्या दांडीची, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे 50 सेंटिमीटरची फ्रेम साधारणतः योग्य ठरते. 22 इंच म्हणजे जवळजवळ 56 सेंटिमीटर. पालकांनी वाढत्या अंगाची सबब सोडून, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहिल्यावर मुलाच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का, हे दुकानातच पाहावे.