विळीवरचा गंज

हल्लीं घरोघर न गंजणाऱ्या चकचकीत सुऱ्या आल्या आहेत. तरी आमच्या स्वयंपाकघरांत अद्याप मातोश्रींची पोलादी विळीच चालते. धार लावून लावून तिचें पातें निम्में अरुंद झालें आहे. तुळशी तलावाकडून येऊन मनोरीच्या खाडीस मिळणाऱ्या दहिसर नदीच्या कांठीं आमचें बिऱ्हाड. २६ जुलै २००५ च्या पुरांत ही विळी दोन दिवस गाळांत पडून होती. मातोश्रींनीं ती चिंचेनें घासली, कोरडी केली आणि खोबरेल लावून पुनः वापरांत आणिली. त्यांच्या पश्चात् या विळीची निगा आम्हांस त्यांच्या स्मृतीचीच निगा वाटूं लागली, आणि तेथेंच आमचा तोल सुटला.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. नागपंचमीस आमच्याकडे चिरणें वर्ज्य, म्हणून विळी दिवसभर मिटून ठेविलेली. षष्ठीस सकाळीं उघडून पाहतों तों पात्यावर तांबडा गंज! आम्ही सूनबाईस चार शब्द सुनावले, आणि तेही नातवंडांदेखत. ‘जुन्या वस्तूंची किंमत नव्या पिढीस कोठून असणार,’ येथपर्यंत आमची मजल गेली. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु आम्ही पॉलिश कागद घेऊन पात्याचा जुना काळेपणाही खरवडूं लागलों, तेव्हां मात्र ती पुढें झाली. “आप्पा, तांबडें तेवढें काढा, काळें राहूं द्या.”

सूनबाई रसायनशास्त्राची पदवीधर. तिनें सांगितलें तें असें : कच्चें केळें, केळफूल, आवळा यांतील तुरट अंश लोखंडाशीं मिळून काळा थर धरतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई काळी होई ती याच गुणानें. हा थर पात्यास घट्ट बसतो व गंजास कांहींसा आळा घालतो. तांबडा गंज मात्र भुसभुशीत. त्यांत पाणी मुरतें आणि लोखंड झिजत जातें. न गंजणाऱ्या पोलादांत क्रोमियम शेंकडा १०.५ तरी असतें व त्याचा अदृश्य थर पात्याचें रक्षण करितो. आमच्या विळीस तें कवच नाहीं.

मग तिनें बटाट्याची फोड खाण्याच्या सोड्यांत बुडवून तांबडे डाग हलकेच घासले, पातें धुऊन लगेच पुसलें, क्षणभर शेगडीजवळ धरून उरलासुरला ओलावा घालविला आणि खोबरेलाचें बोट फिरविलें.

“पण गंज आला कोठून?” आम्ही विचारिलें.

ती जरा घुटमळली. “चतुर्थीच्या रात्रीं सरबतासाठीं आपणच लिंबू चिरलें होतें. सर्व निजलीं होतीं.”

आम्हांस आठवलें. लिंबाचा रस तसाच ठेवून आम्ही विळी मिटली होती. आम्लानें आणि पावसाळी दमट हवेनें आपलें काम केलें. बोल मात्र निरपराध माणसास लागला. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्यांतील चुका काढणाऱ्या आम्हांस ही आपली चूक दिसली नव्हती.

दोष नातवंडांदेखत दिला होता, म्हणून क्षमाही त्यांच्यादेखतच मागितली. सूनबाई इतकेंच म्हणाली, “आप्पा, पुढच्या वेळीं फडकें तेवढें हाताशीं ठेवा.”

तें फडकें आतां विळीशेजारीं खिळ्यास टांगलेलें असतें, आणि रात्रीं विळी पुसून ठेवण्याचें काम आम्ही आपणांकडे घेतलें आहे.