तुझ्या स्टिकमध्ये चुंबक नव्हतं

खडकी,
ता. 14 ऑगस्ट

ती. दादास,


तुझी स्टिक मी फोडली. आत चुंबक नाही. हॉलंडमध्ये ध्यानचंदची स्टिक फोडून पाहिल्याची गोष्ट तू रात्री पांघरुणात सांगायचास, आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप टाचणी घेऊन तुझ्या स्टिकला लावून बघायचो. तेव्हाचा संशय आता फिटला.

माळा साफ करताना ती सापडली. हिचं म्हणणं, बंबात घाला, एका अंघोळीचं पाणी तरी तापेल. मी म्हटलं, आधी आत काय आहे ते बघू. चाळीस वर्षं ओतकामाच्या पॅटर्न शॉपमध्ये सागवान कापला, आणि जिच्यासाठी घरी मार खाल्ला त्या वस्तूचं पोट कधी उघडून पाहिलं नव्हतं.

मुठीवरची पट्टी उलगडली तर खाली वेत. तोही अखंड नाही. उभ्या चिरलेल्या, रंधा मारून चौकोनी केलेल्या वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि मधे रबराचा पातळ थर. आपल्या हातांना झिणझिण्या का येत नसत, ते पन्नास वर्षांनी कळलं. वेत लवतो, रबर धक्का खातं. हे हँडल खाली पाचरीसारखं निमुळतं होत तुतीच्या लाकडात चांगलं वीतभर शिरलंय. सांधा सरसाने बसवून वरून सुतळी इतकी घट्ट आवळलेली की पटाशीचं टोकसुद्धा जाईना. तेवढ्या कामाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

लेबलाचा अर्धा तुकडा अजून आहे, त्यावर जालंधर वाचता येतं. फाळणीआधी हे काम सियालकोटात चालायचं. तिथले कारागीर इकडे आले ते जालंधरात आणि मेरठात वसले. हत्यारं किती आणता आली असतील कोण जाणे, पण असली सुतळी आवळणारे हात तरी बरोबर आले.

आता माझी फजिती ऐक. वहिनींनी फोनवर सांगितलं की नात हॉकी खेळायला लागली आणि तुझ्यासारखीच डावखुरी आहे. मी म्हटलं, तिला आपण स्टिक करून देऊ, त्यात काय एवढं! तुझी स्टिक कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, सागवानी फळी घेतली, बँडसॉवर आकार कापला, कानस मारली. दोन दिवसांत झाली. इतकी सुरेख की शेजारचे कुलकर्णी भिंतीवर लावायला मागत होते. गच्चीवर जुना चेंडू ठेवून तिसरा फटका मारला आणि वळण बिस्किटासारखं तुटून पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळलं.

मग भिंग घेऊन तुझ्या स्टिकपाशी बसलो, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिच्यात लाकडाची रेषा दांड्यातून खाली उतरते आणि वळणाबरोबर स्वतः वळून थेट टोकापर्यंत जाते. माझ्या फळीत ती सरळच होती, म्हणजे नेमकी वळणावर आडवी पडत होती. पॅटर्नमध्ये हे चालतं, कारण पॅटर्नला कुणी फटके मारत नाही. तिथे माप बरोबर आलं की झालं. स्टिक कापून होत नाही रे, वाकवूनच करावी लागते. जालंधरचा सोळा वर्षांचा पोरगाही मला हे सांगू शकला असता.

तुती मिळवणं हे आणखी एक दिव्य. रेशीमवाले शेतकरी तुती लावतात ती पाल्यासाठी, दरवर्षी छाटून छाटून तिचं झुडूप करून ठेवतात. खोडाची तुती हवी तर जुनं झाडच पडायला हवं. नशिबाने कॅम्पातल्या एका बंगल्यातलं पावसात पडलं आणि वखारीत आलं. वखारवाल्याने सरपणाच्या भावात दिलं आणि वर विचारलं, ‘काका, बंब अजून आहे का घरी?’

बंब होताच, माळ्यावरून उतरवलेला. त्याच्या तोंडावर गोडेतेलाचा 15 किलोचा रिकामा डबा उपडा घातला, डब्याला भोक पाडून ओल्या तुतीचं टोक आत सोडलं आणि सगळ्या फटी कणकेने लिंपल्या. (कणकेबद्दल हिने जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) इंचाला एक तास वाफ, हा हिशेब. माझा तुकडा दोन इंच जाड, म्हणजे दोन तास. बाहेर काढल्यावर मात्र हातात जेमतेम मिनिटभर असतं. तेवढ्यात वाकलं तर वाकलं, नाहीतर पुन्हा टणक.

पहिला तुकडा बाहेरच्या अंगाने फाटला. कारण सोपं आहे, पण आधी सुचायला हवं ना! वाफावलेलं लाकूड दाबलं तर भरपूर दबतं, ताणलं तर मात्र शंभराला एक-दोनाहून जास्त वाढत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी बाहेरून पोलादी पट्टी लावली, दोन्ही टोकांना अडवण्या ठोकल्या. आता ताण पट्टीवर, लाकडाला फक्त आत दबायचं काम. थोनेट नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात खुर्च्या वाकवल्या त्या अशाच. इराण्याकडे ब्रुन मस्का खाताना आपण ज्या काळ्या गोल पाठीच्या खुर्च्यांवर झुलायचो ना, त्यांचं कूळ तेच.

ही घड्याळ धरून उभी, मी शिकंजा फिरवतोय. लाकूड कुरकुरलं, एकदा वाटलं गेलं, आणि मग मऊ चामड्यासारखं साच्यावर येऊन बसलं. वासही आला, ओल्या पाल्याचा. तीन आठवडे पलंगाखाली वाळवलं. सोडल्यावर थोडं उघडणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीच जरा जास्त वाकवून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. तुझी स्टिक जिथे मोडली, ते तोंड मी धुऊन पाहिलं. त्यावर दोन रंग आहेत. निम्मा भाग पिवळसर पांढरा, निम्मा काळपट आणि तेलकट. तू दर रविवारी जवसाचं तेल चोळायचास, ते आतपर्यंत गेलंय. म्हणजे स्टिक मॅचमध्ये मोडली त्याच्या किती तरी आधी तडकली होती. ती कशाने तडकली हे मला माहीत आहे. तू मावशीकडे गेला होतास त्या सुट्टीत मी ती विटीदांडूला घेऊन गेलो होतो आणि एक फटका विटीऐवजी कट्ट्याच्या दगडावर बसला. केसासारखी चीर दिसत होती. मी वर पट्टी गुंडाळली. 1975 च्या मार्चमध्ये आपण रेडिओवर क्वालालंपूरची वर्ल्ड कप फायनल ऐकली, अशोककुमारचा गोल झाला, आणि पुढच्याच पगारात बाबांनी ती स्टिक आणली होती. ती मोडल्यावर, नीट वापरत नाही म्हणून बाबा महिनाभर तुला बोलत होते आणि मी समोर बसून भात कालवत होतो.

असो. नातीची स्टिक जवळजवळ झाली आहे. सपाट बाजू डावीकडेच ठेवली आहे, कारण हॉकीत डावखुऱ्याची स्टिक नसते, हे तुला मी काय सांगू. नियमाप्रमाणे ती 51 मिलिमीटरच्या कड्यातून जायला हवी. कडं मी प्लायमधून कापलं. त्यात ती सुतळीच्या सांध्यापाशी अडते. वाण्याच्या काट्यावर 760 ग्रॅम भरली, मर्यादा 737 ची. शाळकरी पोरीला तर त्याहून पुष्कळ हलकी हवी, तेव्हा पाठीकडून बरंच तासायचं आहे. मॅचला तिचे सर कार्बनचीच सांगतील, ती घेऊन द्या. ही घरामागे भिंतीवर चेंडू मारायला.

हँडलची लांबी अजून कापलेली नाही. तिला अनवाणी उभी कर आणि जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंतचं माप टेपने घेऊन कळव. पंजाही कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून पाठव, मूठ त्यावर बेतीन. आणि तेल मी चोळलेलं नाही. ते तू चोळ.

सौ. वहिनींना नमस्कार. बंब पुन्हा माळ्यावर जायचा नाही, असं इकडे ठरलं आहे.

तुझा,
धाकटा