कलिंगड आडवं, खेंगट उभं

रोजच्या शब्दकोड्याची स्वतःची एक मराठी असते. कमळ म्हटलं की अंबुज, सरोज नाहीतर नीरज. शंकराचं धनुष्य पिनाक, अर्जुनाचं गांडीव. बोलताना यातला एकही शब्द आपण वापरत नाही, पण कोडं सोडवायची सवय लागली की हाताला ते पाठ होतात आणि निम्मं कोडं त्यांच्यावरच सुटतं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मात्र पेपरात एक वेगळंच कोडं आलं. वर ‘खाद्यविशेष’ असं छापलेलं होतं, आणि आडवे-उभे सगळे शब्द स्वयंपाकघरातले. तिथे अंबुज-सरोजचा काही उपयोग नव्हता.

आमचं कोडं सुटतं संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये, लेडीज डब्यात. पेपर सकाळीच येतो, पण सकाळच्या गाडीत दोन्ही पाय टेकायची मारामार, तिथे पेन्सिल कुठे चालवणार? म्हणून कोड्याचं पान घडी घालून पर्समध्ये टाकते. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी लागली की समोरासमोरच्या दोन बाकांवर आमचा ग्रुप बसतो, चौथी सीट पाळीपाळीने. भायखळा गेलं की पिशव्या उघडतात. कुणी मेथी निवडतं, कुणी गवार मोडतं, थंडीच्या दिवसांत मटार सोलायला तर सगळ्याच पुढे होतात. मी क्लू मोठ्याने वाचते आणि हातातलं काम चालू ठेवून सगळ्या उत्तरं सांगतात. ठाण्याच्या मावशी सगळ्यांत आधी उतरतात, त्यामुळे कोडं ठाण्याच्या आत संपवायचं असा आमचा नियम आहे. खाद्यविशेष कोड्याने तो पहिल्यांदा मोडला.

सुरुवात वालापासून झाली. “मोड आणून सोललेले वाल, तीन अक्षरं.”

“बिरडे,” मावशी मान वर न करता म्हणाल्या. त्या सीकेपी. त्यांच्या घरी बिरड्याशिवाय पंगत उठत नाही.

मला ‘डाळिंब्या’ वाटत होतं. माझं माहेर पुण्याचं, आणि आमच्याकडे श्रावणातल्या सोमवारी पानात डाळिंबी उसळ असायची. बोटांवर मोजलं, तर डा-ळिं-ब्या, तीनच. बि-र-डे, तीही तीनच. मावशींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि वाल कसे करतात ते सांगायला सुरुवात केली. आदल्या दिवशी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि चिमटीत धरून दाबायचे, म्हणजे दाणा सालातून सुळकन निसटतो. त्यांचा अंगठा आणि तर्जनी बोलता बोलता तशी हलत होती. माझीही हलायला लागली, कारण आईच्या शेजारी बसून मी हेच केलेलं आहे. सोलायची रीत तीच, कोमट पाणीही तेच. पुढे मावशींच्या घरी त्यात नारळाचं दूध पडतं आणि आमच्याकडे गोडा मसाला.

निकाल उभ्या शब्दाने दिला. “पोर्तुगीजांबरोबर आली आणि ठेच्यात रुजली.” मिरची. तिचा मधला ‘र’ वालाच्या मधल्या घरात पडत होता. बिरडे.

मराठी कोडं रचणाऱ्याचं काम किती कठीण आहे, ते इथे कळतं. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटं अक्षर जातं. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट, जोडाक्षर असलं तर तेही अख्खंच. ‘र’च्या जागी ‘रा’ किंवा ‘रु’ चालत नाही. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदतील अशा जागा फार कमी सापडतात आणि आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त दिसतात. आपण बोलताना म्हणतो पिठलं, पण कोड्यात येतं ‘पिठले’, कारण ‘लं’ला छेद देईल असा दुसरा शब्द आणायचा कुठून? ‘ले’ला निदान ‘कानवले’ तरी मिळतो. एवढ्या अडचणींतून वाट काढून कुणीतरी रोज एक कोडं रचतं, आणि बहुतेक पेपरांत त्याचं नावही छापत नाहीत. मला ते खटकतं.

पुढचे दोन-तीन शब्द झरझर गेले. ‘कमलाबाई ओगले यांचे गाजलेले पुस्तक’ आलं, तेव्हा मी आणि मावशी एकदमच ‘रुचिरा’ म्हणालो. १९७० साली आलेलं हे पुस्तक कितीतरी मुलींना लग्नात आहेर म्हणून मिळालं. ग्रॅमचे आकडे टाकून कमलाबाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीलाही त्यावरून आमटी जमायची. आमच्यातली सगळ्यांत धाकटी पेणची आहे, नुकतीच नोकरीला लागलेली. तिने पुस्तकाचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण ‘वालाच्या शेंगांचा मडक्यातला रायगडी प्रकार’ हा क्लू वाचून पुरा व्हायच्या आत तिने ‘पोपटी’ म्हणून टाळी वाजवली. मग कुर्ला येईपर्यंत पोपटीच. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मध्ये अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा. मडकं शेतात पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवरच सगळं शिजतं. शिजलं की नाही ते वासावरून समजतं, असं ती म्हणाली. पाल्याचा तो वास कसा असतो, हे मात्र तिला काही केल्या सांगता येईना.

मग तो क्लू आला. “उन्हाळ्यात थंडावा देणारे, आतून लाल, मोठे फळ. चार अक्षरं.”

“टरबूज,” नागपूरच्या ताई म्हणाल्या.

“कलिंगड,” बाकीच्या सगळ्या म्हणाल्या.

ट-र-बू-ज. क-लिं-ग-ड. पुन्हा चारला चार. तिसऱ्या घरातून एक उभा शब्द जात होता, तीन अक्षरी, क्लू ‘भोगीची भाजी’. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. भोगीची भाजी ती भोगीची भाजी, तिला वेगळं नाव आहे हे मला तरी ठाऊक नव्हतं. बार्शीच्या काकू गर्दीमुळे दाराजवळच उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी आवाज दिला, “खेंगट! लिहा खेंगट!” आणि माणसांतून वाट काढत त्या बाकापाशी आल्या. ओला हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, बोरं, उसाचे करवे, सगळं एकत्र, वरून तिळाचं कूट आणि दाण्याचं कूट. जोडीला तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी. भोगी चार दिवसांवर आली होती, त्यामुळे हे ऐकताना सगळ्यांच्या डोक्यात बाजाराची यादीच तयार व्हायला लागली. काकू म्हणाल्या, “मुंबईत आल्यापास्नं खेंगट म्हणायची सोडूनच दिलं होतं बघा. कुणाला कळत नाही.”

खेंगटाचा मधला ‘ग’ तिसऱ्या घरात पडला आणि टरबूज बाद झालं.

मी ‘कलिंगड’ लिहीत असताना ताई म्हणाल्या, “कडेला टरबूज पण लिहून ठेव नं.” मी समासात लिहिलं. मग त्या सांगत गेल्या. लग्न होऊन अंबरनाथला आल्या तेव्हा भाजीवाल्याकडे सांबार मागितला, तर त्याने किराणा दुकानात मसाला मिळेल म्हणून सांगितलं. त्यांना कोथिंबीर हवी होती. बरबटी मागितली, तर तो नुसता बघत राहिला, मग त्यांनी बोट दाखवलं आणि चवळीच्या शेंगा घेतल्या. जांब म्हटलं की कुणाला पेरू कळेना. हळूहळू त्यांनी बाजारापुरते शब्द बदलले. आता नागपूरला गेल्यावर तोंडून कोथिंबीर निघतं आणि बहिणी हसतात. हे सगळं त्या मटार सोलत सांगत होत्या, तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र ते लागलं. कमळाच्या पर्यायी शब्दांना रोज घरं मिळतात, आणि नागपूर-अमरावतीच्या बाजारात रोज लाखो तोंडांत असलेल्या शब्दाला एकही मिळू नये?

यात रचणाऱ्याकडे बोट दाखवण्यासारखं काही नाही. आपल्या तोंडी असलेला शब्दच आधी सुचणार. आणि जाळीत एका जागी एकच शब्द बसणार, तेही खरं. पण क्लूमध्ये ‘विदर्भात’ एवढा एक शब्द वाढवला, तर टरबुजाची वाट मोकळी होते. शिवाय टरबूज घेतलं तर तिसऱ्या घरात ‘बू’ येतो, आणि त्याला छेद द्यायला ‘लिंबू’ आयतं हजर आहे. ठाणं कधीच मागे पडलं होतं, मावशी उतरून गेल्या होत्या, गाडी मुंब्र्याच्या डोंगराजवळून चालली होती. मी कोड्याचं पान उलटं करून मागच्या कोऱ्या जागेत चौकटी आखायला घेतल्या.

घरी आल्यावर ते काम रोज रात्री चालू राहिलं. टरबूज आडवं. त्याच्या ‘ट’मधून पाटवडी उभी, ‘बू’वर लिंबू संपतं. कोशिंबीर आणि कोथिंबीर एकमेकींना ‘बी’मध्ये छेदतात, हे सापडलं तेव्हा फार आनंद झाला, पण कोथिंबीर मला उत्तरात नको होती, ती क्लूमध्ये हवी होती. म्हणून तो सुंदर छेद सोडून दिला आणि ‘कोथिंबीर, नागपूरच्या बाजारात’ असा क्लू लिहून ‘सांबार’ बसवला. बरबटी, जवस, खेंगट, पोपटी असे एकेक करून शब्द जाळीत आले. डाळिंब्यांसाठी जागा करायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण ‘ळिं’ असलेला दुसरा शब्द सुचेना. शेवटी त्याच्या दोन्ही बाजूंना काळी घरं दिली.

त्या वर्षी डब्यातल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी ते कोडं लुटलं. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान लेडीज डब्यात हळदीकुंकू होतंच. खिडक्यांना झेंडूच्या माळा, वर रंगीत पताका, आणि गाडी हलत असतानाही कपाळावर बरोबर मधोमध कुंकू लावणाऱ्या बायका. प्लास्टिकचे डबे आणि रुमाल सगळ्यांकडेच साठलेले असतात. मी कोड्याच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येक प्रतीची सुरळी केली आणि तिला एक पेन्सिल बांधली. पेन्सिलीची कल्पना मात्र जुनी आहे. आर्थर विन याने १९१३ च्या २१ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं, हिऱ्याच्या आकाराचं. पुढे १९२४ मध्ये सायमन आणि शूस्टर यांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा प्रत्येक प्रतीबरोबर पेन्सिल दिली होती. पुस्तक धडाधड खपलं. पुस्तकाबरोबर पेन्सिल द्यायचं ज्याला सुचलं, त्याने कोडं सोडवणाऱ्याचं मन बरोबर ओळखलं होतं असं मला वाटतं. पेन शोधत बसलं की कोडं राहून जातं.

त्या संध्याकाळी सगळा डबा ताईंकडे वळला. एरवी ज्या बाकाकडे कुणी फिरकत नाही, तिथे वाकून बायका विचारत होत्या, ‘अहो ताई, चवळीला काय म्हणता तुम्ही?’ ताई उत्तर सरळ देत नव्हत्या. भाजी कशी करतात ते सांगायच्या, पहिलं अक्षर सांगायच्या आणि तिळाची वडी हातावर ठेवायच्या. ‘पेरू, वऱ्हाडात’ या क्लूवर पेणची मुलगी अडून बसली. तिच्याकडे जाम म्हणजे पांढरं, घंटेसारखं पाणीदार फळ. पेरूला तसलं नाव कसं असेल? ताईंनी तिला ‘जां’वरचा अनुस्वार दाखवला, आणि ‘ब’ही. तिने लिहिलं, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आता ताई स्वतः एक कोडं रचताहेत, सगळं नागपुरी. वडाभात आणि गोळाभात दोन्ही हवेतच असा त्यांचा हट्ट होता, आणि तो पुरा झाला, कारण दोघांचा ‘भा’ एकाच घरात बसतो. गोळाभाताच्या ‘ळा’वर संपणारा तीन अक्षरी उभा शब्द हवा होता. तोही त्यांनी लिहिला, कोहळा. क्लू दिला, ‘बोंडं आणि घारगे करायची लाल फळभाजी’. काल घाटकोपर सुटल्यावर त्यांनी तो वाचून दाखवला.

“लाल म्हणजे भोपळा,” मावशी म्हणाल्या. “कोहळा पांढरा असतो. त्याचा पेठा करतात.”

“आमच्याकडे लालालाच कोहळा म्हणतात, मावशी.”

भो-प-ळा, को-ह-ळा. ‘ळा’ दोघांनाही चालतो, आणि पहिल्या घराला ताईंनी अजून आडवा छेद दिलेला नाही. बार्शीच्या काकू मध्ये पडल्या, तर त्यांनी तिसरंच नाव काढलं, डांगर. तेही तीन अक्षरी, पण ‘र’वर संपणारं. ठाणं आलं तशी मावशींनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून ओरडल्या, “पहिल्या घरात काही लिहू नका हं, मी उद्या येईपर्यंत!”