आधी आवाज, मग ढोलकी

मागच्या रमजान ईदनंतर नगरच्या मुकुंदनगरातल्या आमच्या घरी एक जुना, आठ ट्रॅकचा रेकॉर्डर आला. एका वेळी दोनच ट्रॅक भरता येतात, पण आधीचे ऐकत ऐकत पुढचे त्यावर चढवता येतात. 1979 मध्ये टॅस्कॅमने कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा पोर्टास्टुडिओ काढला, तेव्हा ही स्टुडिओतली सोय घरात येऊ लागली. एकटा माणूससुद्धा अख्खी मैफल उभी करू शकतो.

मला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा एक अभंग भरायचा होता. 'योगसंग्राम' लिहिणारे हे सूफी वारकऱ्यांचेही संत. ढोलकी अब्बांची, पेटी माझी. गळा मात्र घरात एकच, भाईचा. आणि भाईने सात-आठ वर्षांपूर्वी वाद्यांबरोबर गाणं सोडलं. ते जायज नाही, असं त्याचं मत. अब्बांची सारी उमर ढोलकीवर गेलेली. कोण बरोबर हे सांगायला मी आलिम नाही. पण तेव्हापासून दोघांमधलं बोलणं कमी झालं, हे मात्र खरं.

मी भाईला म्हणालो, "तुझा आवाज वेगळ्या ट्रॅकवर राहील. वाद्यं बंद करून तुझी प्रत तुला देईन."

"पण गाताना माझ्या कानात पेटीच वाजणार ना?"

यावर उत्तर नव्हतं. शिवाय हेडफोनमधला आवाज माइकमध्ये झिरपतोच. मागून पेटी बंद केली तरी भाईच्या ट्रॅकवर तिची सावली राहिली असती.

म्हणून क्रमच उलटा केला. एरवी आधी ठेका, मग पेटी, शेवटी गळा. आम्ही आधी गळा घेतला. इशाच्या नमाजनंतर पंखा, फ्रिज बंद केले आणि भाई एकटा गायला. कानात ना ठेका, ना सूर.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन बसलो, तर त्याचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी. यंत्राने आवाज सरकवता आला असता, पण मग तो भाईचा राहिला नसता. मीच पेटी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या ट्रॅकवर त्याच्यामागे ध्रुपद धरलं.

अब्बांनी ढोलकी त्याच्या सुरात लावून घेतली. पण लय बसेना. तिसऱ्या कडव्यात भाई रेंगाळतो आणि अब्बा पुढे निघून जातात. आयुष्यभर दुसऱ्यांना आपल्या लयीत धरलेला माणूस, आता त्यालाच मागे चालायचं होतं. अकराव्या वेळी जमलं. हेडफोन काढून अब्बा एवढंच म्हणाले, "ये सांस कां लेता, अब समज्या."

मतं दोघांचीही आहेत तीच आहेत. भाईला बिनवाद्यांची प्रत दिली. अब्बांच्या फोनवर दोन्ही टाकल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून ते बिनवाद्यांचीच ऐकतात, आणि बोटं मांडीवर चालू असतात.