जुनी गाडी आणि नवें गाणें

जुन्या वस्तूंच्या बाबतींत माणसांचे दोन पंथ आढळतात. एक म्हणतो, जुन्याला हात लावूं नये. दुसरा म्हणतो, जुन्याचा उपयोग होत नसेल तर तें मोडींत घालावें. आमच्या घरीं हे दोन्ही पंथ एकाच छपराखालीं नांदतात, आणि गेल्या वर्षीं त्यांची गांठ एका मालमोटारींत पडली.

ही मालमोटार म्हणजे १९५४ सालची फोर्ड एफ-१०० जातीची पिकअप गाडी. अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत आमचें वास्तव्य आहे. तेथील आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी ती जन्मभर चालवीत आले. त्यांच्या पश्चात् आजीबाईंनीं ती आमच्या चिरंजीवांच्या हवालीं केली, ती एकाच अटीवर : गाडी शोभेची करून ठेवूं नये, चालती ठेवावी. चिरंजीवांनीं अट तत्काळ मान्य केली आणि दुसऱ्याच दिवशीं जाहीर केलें कीं, रोज चालवावयाची तर गाडींत स्टिरिओ हवा.

कोणी म्हणेल, मोटारींत गाणें हें अलीकडचें खूळ. तसें मुळींच नाहीं. १९३० सालींच गॅल्व्हिन बंधूंनीं मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. त्याचें मोटोरोला हें नांव पुढें कंपनीसच मिळालें. १९५६ सालीं क्रायस्लर कंपनीनें तर मोटारींत मिनिटास १६⅔ फेरे घेणारें तबकडीचें यंत्र बसविलें! आमच्या गाडींतही मूळचा रेडिओ होताच. आंतील दिवे तापेपर्यंत तो मौन धरी. मग त्यांतून घुमणारा आवाज येई. आजोबांनीं मक्याचे भाव ऐकले ते त्याच्यावर.

अडचण होती ती विजेची. या गाडीची वीज सहा व्होल्टची, आणि बॅटरीचें धन टोंक गाडीच्या लोखंडाला जोडलेलें. आजच्या यंत्रांस बारा व्होल्ट लागतात, आणि लोखंडाला ऋण टोंक हवें असतें. तें यंत्र तसेंच जोडलें तर सुरांऐवजीं धूर निघावयाचा. कारखानदाराचा उपाय सोपा होता : सगळी वीज बदलावी, जुना रेडिओ काढावा, आणि समोरच्या पत्र्यास सात इंच लांब, दोन इंच उंच भोंक पाडावें. एका तासाचें काम, असें तो हंसत म्हणाला.

त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं आमच्या दोन्ही पंथांत मोठें रण माजलें. चिरंजीवांचें म्हणणें, गाडी माझी आहे. आम्हीं विचारिलें, चालती ठेवावयाची म्हणजे कोणती गाडी? अखेर सौभाग्यवतींनीं निकाल दिला : भाडेकरू घरांत येतो, तो भिंती पाडीत नाहीं.

हें सूत्र धरतांच वाट सांपडली. सहाचे बारा व्होल्ट करणारें आणि दोन्ही बाजूंची वीज एकमेकींपासून अलग राखणारें एक लहानसें यंत्र मिळतें. तें आसनाखालीं बसविलें. नवा स्टिरिओ समोरच्या कप्प्यांत लाकडी फळीवर ठेविला, म्हणजे गाडीच्या लोखंडास त्याचा स्पर्श नको. दोन ध्वनिक्षेपक पेटींत घालून आसनामागें गेले. जुन्या जनित्राची शक्ति बेताची, म्हणून आवाजही बेताचा. हा तोटा कीं लाभ, याविषयीं आमचा आणि चिरंजीवांचा मतभेद कायम आहे. जुना रेडिओ जागच्या जागीं राहिला. आजीबाई पाहावयास आल्या तेव्हां नव्याकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. जुन्याचें बटण फिरवून त्या थांबल्या, तो घुमूं लागला, तशा उतरल्या आणि चिरंजीवांस म्हणाल्या, "आतां चालव."

नव्या यंत्रावर आम्हीं प्रथम बालगंधर्वांचें पद लाविलें. तें ध्वनिमुद्रण स्टिरिओच्या आधींच्या काळांतलें, एकाच वाहिनीचें. दोन्ही ध्वनिक्षेपकांतून एकच आवाज आला. इतक्या खटाटोपाचें हेंच का फळ, असें चिरंजीव म्हणाले. आम्हांस मात्र तेवढें पुरेसें वाटलें.

उद्यां हें नवें यंत्र कोणास नकोसें झालें, तर चार स्क्रू काढतांच गाडी पूर्ववत् होईल. जुन्यांत नवें घालूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. घातलेलें काढतां यावें, एवढेंच आहे. पत्रा कापणें एका तासाचें काम खरें, परंतु न कापलेला पत्रा पुन्हा कोठून आणावयाचा?