हळदीपूरच्या वाटेवर

हुबळी, यल्लापूर करत आरबैल घाट उतरला, की अंकोल्याला समुद्राचा वारा लागतो. यंदा बेळगावहून इडगुंजीच्या गणपतीला निघालो ते अत्तींच्या हट्टामुळे. माझ्या सासूबाई धारवाडकडच्या, वय 84. मामंजींना जाऊन वर्ष झालं होतं. शेवटचे अकरा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. घशात नळी, हात पलंगाला बांधलेले. डॉक्टर विचारत, "पुढं काय करायचं?" आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो.

कुमठा मागं पडलं, होन्नावरच्या अलीकडे हळदीपूर आलं. शहाळ्यासाठी गाडी थांबवली. मी म्हटलं, "अत्ती, अरुणा शानभाग याच गावच्या." मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथंच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली. 18 मे 2015 ला त्या गेल्या, तोवर तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांना अन्न देणं थांबवावं हा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळला. सांभाळणाऱ्यांना त्या हव्या होत्या.

अत्तींनी शहाळं खाली ठेवलं. "तिला कुणी विचारलं?"

"विचारणार कसं?"

"मग मला विचारा की, बोलता येतंय तवर." अन् स्वतःच सांगितलं, "मशीन ब्याड. मनी साकु."

"अव्वा, घरी एकाएकी त्रास झाला तर?" ह्यांनी विचारलं.

"तर हात धर."

पुढं शरावती ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही.

असं इच्छापत्र आधी लिहून ठेवायला 2018 च्या निकालाने मान्यता दिली. 2023 मध्ये रीत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कर्नाटक सरकारनेही जानेवारी 2025 मध्ये अंमलबजावणीचा आदेश काढला. बरं होण्याची आशा नाही, असं डॉक्टरांच्या दोन मंडळांनी ठरवलं तरच यंत्रं काढतात. वेदनेवरचं औषध अन् शुश्रूषा मात्र चालूच राहते.

घरी आल्यावर कागद केला. अत्तींना स्वतः वाचता यावा म्हणून कन्नडात. ह्यांनी मोठ्यानं वाचताना दोनदा थांबून पाणी प्यायलं. एक प्रत आमच्या डॉक्टरांकडे दिली. मूळ कागद कपाटात, रेशनकार्डाशेजारी आहे. कुठं ठेवलाय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.